सेसिलिया नावाचा अर्थ खरंच 'आंधळी' आहे का?

वसईची_सून: धाकट्या दिरांना मुलगी झालीये, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा. आजेसासूबाईंचं नाव सेसिलिया होतं म्हणून तेच ठेवायचं ठरलं, आणि काल दिरांनी गूगल केलं तर जिथे तिथे अर्थ 'आंधळी'. सासूबाई अडून बसल्यात, नाव बदला म्हणून. एका साईटवर 'स्वर्गातली लिली' असंही दिलंय. खरं काय मानायचं?

रिकामटेकडा: लॅटिनमध्ये 'काएकुस' म्हणजे आंधळा, तिथवर बरोबर. पण हे मुळात कुळाचं नाव. रोममध्ये काएकिलिउस नावाचं बडं घराणं होतं आणि त्या घरातली प्रत्येक मुलगी काएकिलिया, म्हणजेच आपली सेसिलिया; मुलींना वेगळं नाव फारसं ठेवतच नसत, दोघी असल्या तर थोरली-धाकटी म्हणायचे. त्यातल्याच काएकिलिया मेतेल्लाची गोल बुरुजासारखी समाधी रोमबाहेर आपियन रस्त्यावर अजून उभी आहे. आपल्याकडे बहिरट आडनाव असतं, म्हणून त्या घरात सगळ्यांना कमी ऐकू येतं का? आणि लिलीचं म्हणाल तर ती मध्ययुगातल्या संतचरित्रवाल्यांनी केलेली शब्दांची ओढाताण, ऐकायला गोड आहे एवढंच.

आल्तो_दुसरी_रांग: अहो संत सेसिलिया म्हणजे आम्हा क्वायरवाल्यांची आश्रयदाती! सण २२ नोव्हेंबरला. बळेच लावलेल्या लग्नात वाजंत्री वाजत असताना ती मनातल्या मनात देवासाठी गात होती अशी कथा आहे, त्यावरून संगीताशी नातं जुळलं. रोमच्या त्रास्तेवेरे भागातल्या तिच्या चर्चमध्ये मादेर्नोने १६०० साली केलेला संगमरवरी पुतळा आहे, कुशीवर पडलेली, तोंड पलीकडे वळवलेलं आणि मानेवर तलवारीचा घाव, फोटो बघूनसुद्धा अंगावर काटा येतो. सासूबाईंना अर्थ नको, ही कथा सांगा.

घाटवाटा: अवांतर: आंबोलीकडे पावसात देवगांडूळ सापडतं ना, त्याला इंग्रजीत सिसिलियन म्हणतात, तेही याच 'काएकुस'वरून. डोळे अगदी बारीक, म्हणून. गांडूळ नाहीये ते, बेडकाच्या गोतातलं आहे.

वसईची_सून: बहिरटवालं वाचून दाखवलं, सासूबाई हसल्या, पण हो काही म्हणाल्या नाहीत. देवगांडुळाचं घरात बोलणार नाहीये.

रिकामटेकडा: मला वाटतं अर्थाचं निमित्त आहे, त्यांना सासूचं नाव नातीला नको असेल. मग हाक मारायला शीला ठेवा. आयर्लंडमध्ये सेसिलियाचंच 'शीला' झालंय, आपली शीला 'शील'वरून आलेली, तिचा याच्याशी संबंध नाही, पण त्यांना सांगायला बरं.