'इकोसिस्टिम सोडणे' : मराठीत काय म्हणावं?

मृ_अनुवाद
गेमिंग कन्सोलवरच्या एका मार्गदर्शिकेचा अनुवाद चालू आहे. एका प्रकरणाचं शीर्षक मसुद्यात 'नाममुद्रानिष्ठा (ब्रँड लॉयल्टी) आणि परिसंस्था केव्हा सोडावी' असं केलंय. संपादकांचा शेरा आहे की परिसंस्था म्हटलं की तळं आणि जंगल डोळ्यांपुढे येतं. इथे कन्सोल, त्याच्या दुकानातून घेतलेले डिजिटल गेम, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची साठवलेली नोंद), ट्रॉफी (खेळात मिळालेली मानचिन्हं), मित्रयादी, सदस्यत्व असं सगळं मिळून अभिप्रेत आहे. एक शब्द हवाय.

धातुपाठ
परिसंस्था ठेवा. वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्सलीने १९३५ मध्ये 'इकोसिस्टिम' छापात आणला तो वनस्पतींच्या संदर्भात. व्यापारात तो नंतर गेला. इंग्रजीने अर्थ ताणला, तसा मराठीनेही ताणावा. वापरला की रुळेल.

चौथा_खुंट
रुळेलही, पण अर्थ हुकेल. तळ्यातले जीव एकमेकांच्या आधाराने जगतात. इथे दोर एकाच्याच हातात असतो. निन्टेंडोच्या वी यू आणि ३डीएस या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, एक्सबॉक्स ३६०चं जुलै २०२४ मध्ये. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येत होते, नवी खरेदी संपली. तारीख ठरवली ती कंपनीनेच. अशा बांधलेपणाला मराठीत 'दावण' आहे.

मृ_अनुवाद
दावणीच्या जनावराला निवड नसते. वाचकाला ते लागेल.

रेवा_पा
दावण नकोच. कोणी बांधत नाही, माणूस गुंततो. 'गुंतवणूक' या शब्दातच गुंता आहे, तो वापरा. आणि गुंता किती, हे सोबत काय येतं त्यावर मोजता येतं. पीएस५मध्ये (प्लेस्टेशन ५) साठवणीसाठी बसवलेला एम.२ एसएसडी काढून, फॉरमॅट करून संगणकात लावता येतो. तो पैसा मोकळा. एक्सबॉक्स सिरीजचं स्टोरेज कार्ड त्या कन्सोलच्या खाचेसाठीच केलेलं, पीएस५ला तशी खाचच नाही. तो पैसा गुंतलेला. पीएस४चा कंट्रोलर ड्युअलशॉक ४ पीएस५ला जोडला तरी त्यावर पीएस४चेच गेम खेळता येतात. पीएस४चे सेव्ह यूएसबीवर उतरतात, पण उघडतात त्याच खात्यावर आणि प्लेस्टेशनवरच.

जुना_पॅड
म्हणूनच 'सोडणे' अपुरं वाटतं, ती आवराआवर आहे आणि तिला क्रम आहे. बाल्डर्स गेट ३ हा गेम घ्या. जुन्या कन्सोलवरच तो बनवणाऱ्या लारियन कंपनीचं खातं जोडायचं, क्रॉस-सेव्ह (एका यंत्रावरचा सेव्ह दुसऱ्यावर नेण्याची सोय) चालू करायचं, सेव्ह वर चढल्याची खात्री करायची, मग नव्या यंत्रावर तोच सेव्ह उघडून बघायचा. गेम तिथे पुन्हा विकत घ्यावा लागतो, खेळ मात्र सोडला तिथून पुढे चालतो. सदस्यत्व त्यानंतर थांबवायचं, आणि फॅक्टरी रीसेट, म्हणजे कन्सोल पुसून कोरा करणं, सगळ्यांत शेवटी. रीसेट आधी केला आणि सेव्ह फक्त कन्सोलवरच होता, तर तो गेलाच. पीएस५च्या गेमचे सेव्ह क्लाउडवर ठेवायला पीएस प्लस हे पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व लागतं. त्या सदस्यत्वातले मासिक गेमही ते संपलं की उघडत नाहीत.

'केव्हा' याचं उत्तरही गुंत्यातच आहे. २०१३ मध्ये पीएस४वर पीएस३च्या डिस्क चालत नव्हत्या, एक्सबॉक्स वनवर ३६०चे गेम पहिली दोन वर्षं चालत नव्हते. संग्रह तसाही मागे राहणारच होता, म्हणजे घर बदलायला तीच सर्वांत स्वस्त वेळ. २०२०च्या पिढीत जुने बहुतेक गेम पुढे आले आणि सोडणं महाग झालं. याला 'निष्ठा' म्हणू नका. निष्ठा तत्त्वावर असते, माणसावर असते. दुकानदार 'नेहमीचं गिऱ्हाईक' म्हणतो, तेच बरोबर.

धातुपाठ
निष्ठेवर अन्याय होतोय. नि + स्था, घट्ट उभं राहणं. पण संस्कृतात निष्ठा म्हणजे पूर्तता, शेवट असाही अर्थ आहे. पाणिनीचं सूत्र आहे 'क्तक्तवतू निष्ठा' : गत, कृत अशी रूपं करणाऱ्या प्रत्ययांची ती संज्ञा. शेवट त्या शब्दाच्या पोटातच आहे, मग सोडण्याच्या प्रकरणात तो का नको?

चौथा_खुंट
मराठी वाचक निष्ठा वाचताना पाणिनी आठवत नाही. शेवटासाठी आपल्याकडे 'फारकत' आहे. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेख. देणंघेणं उरलं नाही असं लिहून देणं. जुना_पॅड यांनी सांगितलेला क्रम म्हणजे तीच फारकत.

रेवा_पा
फारकतीत दोन्ही बाजू मोकळ्या होतात. इथे ट्रॉफी आणि डिजिटल गेम तिकडेच राहतात, हिशेब पुरा कुठे होतो? 'काढता पाय' जास्त खरा.

मृ_अनुवाद
'गुंता' आवडला. पण शीर्षकात 'गुंता केव्हा सोडावा' लिहिलं तर तो सोडवायचा की सोडून द्यायचा, हे कळत नाही.

धातुपाठ
आणि फारकत लिहायचं तर आधी हे ठरवा : व्युत्पत्ती खत आहे, तर 'फारखत' का नाही?

चौथा_खुंट
कारण बोलताना सगळे 'क'च म्हणतात.