शेजारच्या दातांचाही विचार करा

दात गेला की त्या जागी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) करण्यापेक्षा ब्रिज (शेजारच्या दातांवर कॅप बसवून त्यांना जोडलेला खोटा दात) कमी त्रासाचा, असं म्हणतात. हाडात स्क्रू नाही, काम लवकर उरकतं, हे खरंच. पण त्रास वाचतो तो आपला, शेजारच्या दातांचा नाही. कॅप बसावी म्हणून ते सगळ्या बाजूंनी घासून बारीक करतात आणि गेलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही. कधीकधी नस दुखावते आणि पुढे रूट कॅनालही करावं लागतं. त्या दातांना आधीच कॅप किंवा मोठं फिलिंग असेल तर खुशाल ब्रिज करा. दोन्ही धडधाकट असतील तर मात्र घाई नको. समोरचा एखादाच दात गेला असेल तर मेरीलँड ब्रिजबद्दल जरूर विचारा. तो शेजारच्या दाताला मागून चिकटवतात, घासणं नाममात्र.

आणि सफाई! ब्रिज किडत नाही, पण कॅपच्या कडेशी असलेला खरा दात किडतो. दात एकमेकांना जोडलेले असल्याने साधा फ्लॉस (फटी साफ करायचा धागा) वरून आत जात नाही. सुपरफ्लॉस (कडक टोकाचा फ्लॉस) किंवा फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश खोट्या दाताखालून रोज फिरवावा लागतो. याचा कंटाळा असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं.