कोकणात पुढच्या शॉकपला जाड ऑइलच पाहिजे, पटतं का?

खारावारा (गुहागर)
सरळ मुद्द्यावर येतो. जुन्या गाडीचा विषय निघाला की दर दुसरा माणूस सांगतो फोर्कात, म्हणजे पुढच्या शॉकपात, पातळ तेल टाका, जाडीचा आकडा १० च्या वर जाऊ नका, आणि मला ते आपल्या भागासाठी अजिबात पटत नाही. बाबांची ९३ ची आरएक्स १०० आहे, ब्रेक दाबला की नाक खाली घालायची आणि मोठ्या खड्ड्यात ठक्क करून लोखंडावर लोखंड आपटायचं. १० डब्ल्यू काढून २० टाकलं, ठक्क बंद. इथे बारा महिने उकाडा, तेल आधीच पातळ होतं, वर हे असले रस्ते. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारण सांगा, नुसतं मॅन्युअल मॅन्युअल करू नका.

जांभादगड (रत्नागिरी)
कारण सांगतो. या जुन्या फोर्कात आत एक नळी असते, तिला ठरलेल्या मापाची बारीक भोकं, फोर्क दबला की तेलाला त्यातूनच वाट काढावी लागते. हळू दबला तर आरामात जातं, पण दबण्याचा वेग दुप्पट झाला की अडथळा जवळजवळ चौपट होतो. म्हणजे ब्रेक मारताना तुला जाड तेल छान वाटणार कारण तिथे फोर्क सावकाश बसतो, पण ५० च्या स्पीडला डांबराची तुटलेली कड लागली की तेलाला निघायला वेळच नाही, फोर्क पहारीसारखा ताठ, आणि सगळा दणका मनगटात. तुझी ठक्क बंद झाली कारण फोर्क आता पुरता दबतच नाही. त्याला सुधारणा म्हणायची का?

आणि एकामागोमाग खड्डे आले की वेगळीच गंमत, जाड तेलामुळे फोर्क परत वर यायच्या आत पुढचा खड्डा हजर, असं करत करत तो खालीच बसत जातो. कशेडी घाट उतरताना हे अनुभवलंय, पुन्हा नको.

येझ्दीप्रेमी (सावंतवाडी)
दोघांचं अर्धं अर्धं बरोबर. मी माझ्या येझ्दी रोडकिंगला कित्येक वर्षं एटीएफ टाकतो, गाड्यांच्या पॉवर स्टेअरिंगला मिळतं ते लाल तेल. साधारण पातळ फोर्क ऑइलच्या जवळपास बसतं, कुठल्याही दुकानात मिळतं, मला तरी त्रास नाही. उकाड्याचं मात्र उगाच. तेल पातळ होतं हे खरं, पण आपल्याकडे जानेवारी आणि मे यात फरक तो किती? लडाखला जाणाऱ्याने ती काळजी करावी.

खारावारा (गुहागर)
मनगटं दुखतात हे मान्य, खोटं कशाला बोलू. पण मी एकटा फिरत नाही हो, मागे बायको आणि पुढे टाकीवर नारळाची पिशवी, एवढ्या वजनाला पातळ तेल कसं पुरणार?

माडाखाली (कुडाळ)
अरे मेल्या, वजन तेल उचलता काय? वजन स्प्रिंग उचलता. जाड ऑइल घातलंस म्हणान खड्डो बारको होवचो नाय.

जांभादगड (रत्नागिरी)
माडाखाली यांनी एका ओळीत संपवलं 😄 तेल फक्त हालचालीचा वेग आवरतं. तीस वर्षांची स्प्रिंग बसलेली असते, आधी ती काढून लांबी मोज, नवीनशी ताडून बघ. फोर्कच्या पाइपला एक झिप टाय बांध, गाडीवर नेहमीच्या वजनानिशी बस, गाडी पुढून किती खाली गेली बघ. एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश ठीक, निम्म्याच्या पुढे गेली तर तेलाला शिव्या देऊ नकोस. दुसरं म्हणजे तेलाची लेव्हल. आत वर जी हवा राहते ती पण स्प्रिंगसारखंच काम करते, शेवटच्या टप्प्यातली ठक्क बऱ्याचदा तेल १०–१५ एमएल कमी असल्यामुळेच. फोर्कच्या दोन्ही पायांत सारखं भरलं होतंस ना? मी औषधाच्या टोपणाने मोजतो, बायको ओरडते.

गॅरेजकट्टा (चिपळूण)
तुम्ही १० की २० वर भांडताय पण मुळात फोर्क ऑइलच्या आकड्याला धड प्रमाणच नाही, एकाचं १० दुसऱ्याच्या १५ च्या शेजारी बसतं. डब्यावरचा मोठा आकडा सोडा, कंपनीच्या माहितीपत्रकात ४० अंशाला किती सेंटिस्टोक ते बघा, तेलाची जाडी त्यातच मोजतात. खारावारा, एक विचारू का, ते २० नक्की फोर्क ऑइल होतं का गॅरेजवाल्याने इंजिनचं २०डब्ल्यू४० ओतलं? कारण इंजिन ऑइल ४० अंशाला सहज १०० सेंटिस्टोकच्या वर जातं, साधारण १० चं फोर्क ऑइल तिथे तिसाच्या आसपास. तिप्पट जाड!

आणि समुद्राकाठच्या लोकांनी पाइपवरून नख फिरवून बघा. खाऱ्या हवेने क्रोमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, नख अडकतं. तिथेच तेल अडवणारं रबरी सील फाटतं, तेल गळतं, मग लेव्हल कमी, मग ठक्क, मग आपण जाड तेल टाकतो. मी परवा एका गाडीचं काढलं तर तेल राखाडी, चहात बिस्किट विरघळल्यासारखं, आणि मासळीचा वास.

खारावारा (गुहागर)
आत्ता फोन करून विचारलं. इंजिनचंच होतं 🤦 सुट्टं, मापात. तरी सांगतो १० वर मी परत येणार नाही, बायको मागे असते. रविवारी स्प्रिंग मोजतो, नवीन सील आणि १५ टाकतो, विषय संपला.

गॅरेजकट्टा (चिपळूण)
१५, कुठल्या कंपनीचं?