दादर एकच, पण 'इन' की 'ॲट'?

इंग्रजी शिकताना शब्दयोगी अव्ययं (इन, ॲट, ऑन) आणि आर्टिकल्सचा (अ, ॲन, द) तक्ता पाठ करा, हा सल्ला मला अपुरा वाटतो. परीक्षेपुरता ठीक, पण बोलताना तक्ता आठवत नाही.

मराठीत 'दादरला' एवढ्यावर भागतं. इंग्रजीत मात्र दादरकडे तुम्ही कसं बघताय ते ठरवावं लागतं. तिथे राहत असाल तर तो तुमच्याभोवतीचा परिसर, म्हणून 'आय लिव्ह इन दादर'. नुसती गाडी बदलायची असेल तर तो वाटेतला एक थांबा, म्हणून 'आय चेंज ट्रेन्स ॲट दादर'. लोकलसाठी 'ऑन द ट्रेन', पण टॅक्सीसाठी 'इन अ टॅक्सी'. हे मात्र सवयीनेच बसतं.

'द' शिकायला मुंबईतल्या पाट्या उत्तम. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, जुहू बीच यांच्याआधी 'द' लागत नाही. पण वाक्यात 'द गेटवे ऑफ इंडिया', 'द अरेबियन सी' असंच म्हणायचं. विद्यापीठ तर एकच, तरी 'मुंबई युनिव्हर्सिटी'ला 'द' नको आणि 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई'ला हवा! मधे 'ऑफ' असलेल्या अशा नावांना तो बहुधा लागतोच.

'अ' की 'ॲन' हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं : 'ॲन एमएलए', 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

आणि कृपा करून मुलांना 'डिस्कस अबाउट' शिकवू नका. 'विषयाबद्दल चर्चा' मधला 'बद्दल' तिथे उगाच घुसतो. 'डिस्कस द प्रॉब्लेम' एवढंच पुरे.