मदत हवी आहे: ओकच्या सांगाड्याचं जुनं घर, तळाची तुळई कुजली आहे

नमस्कार मंडळी. इथे वाड्यांच्या दुरुस्तीतले जाणकार आहेत म्हणून विचारतोय. लाकूड मात्र सागवान नाही, ओक आहे.

इंग्लंडमध्ये श्रॉपशरमधल्या एका खेड्यात आम्ही तीन वर्षांपूर्वी घर घेतलं. काळे खांब, मध्ये पांढरे चौकोन, तसलं. सांगाडा सगळा खाच-कुसूचा, सांध्यांत ओकच्याच खुंट्या. चौकोनांतल्या भिंती चक्क कुडाच्या: हेझलच्या काटक्या विणून वर माती, गवत नि शेण. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "एवढे पैसे मोजून कूडच घेतलास की रे!"

आता दुखणं. आपल्याकडे खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, इथे तो जोत्यावर आडव्या टाकलेल्या तुळईत रोवलाय. आधीच्या मालकाने पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. बाहेरचा फुलझाडांचा वाफाही चढत चढत तुळईला टेकलाय. गिलाव्याच्या भेगेतून पाणी आत जातं, बाहेर काही येत नाही. परवा फुगलेला पोपडा काढून स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत! ओला तपकिरी भुगा हातात आला.

दोन सुतार येऊन गेले. एक म्हणतो, कुजकं कोरून इपॉक्सी (घट्ट होणारा राळेसारखा भराव) भरू, दोन दिवसांचं काम. दुसरा म्हणतो, भिंत टेकूंवर तोलून तुळईचा दीडेक मीटर तुकडा बदलू आणि खांबाच्या पायाला तिरक्या सांध्याने नवं लाकूड जोडू. त्याचा आकडा पाचपट. मन दुसऱ्याकडे, खिसा पहिल्याकडे.

शिवाय नवं ओक ओलं, म्हणजे ताजं कापलेलं, घ्यावं की वाळलेलं? नवे सांगाडे इथे ओल्या ओकचेच करतात, वाळताना सांधे आवळतात म्हणे. घर ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीतलं.

प्रतिसाद १

इपॉक्सी नको. त्यामागे ओल अडकते आणि कुजणं आतल्या आत चालूच राहतं. अख्खी तुळई बदलताना ओलं ओक चालतं, पण जुन्याला जोड देताना वाळलेलंच बघा. ओलं आकसतं, जुनं जागचं हलत नाही, आणि सांधा उघडतो. जाड ओक वाळायला ढोबळमानाने इंचाला एक वर्ष, त्यामुळे जुन्या इमारतींतलं काढलेलं लाकूड विकणारे शोधा. बोल्ट लागलाच तर स्टेनलेसचा. ओकमधलं टॅनिन साधं लोखंड खातं. गिलावा चुन्याचा.

परवानगीशिवाय लिस्टेड घरात बदल केले तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, तेव्हा आधी कौन्सिलला फोटो पाठवा. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली काढलेली 'स्पॅब' ही जुन्या इमारती जपणारी संस्था फोनवर फुकट सल्ला देते. आणि तो वाफा आजच हटवा हो, त्याला कुठला सुतार लागतो?

धागाकर्ता

वाफा खणला. तुळईच्या दुसऱ्या टोकाला टोचून पाहिलं, तिथे स्क्रूड्रायव्हर बोटभर आत जाऊन अडला. गाभा टणक दिसतोय. फोटो रात्री टाकतो.