जगात एवढं वाईट आहे, तरी ईश्वर मानता येतो का? मांडणीसाठी मदत हवी

बर्डीकर:
धरमपेठेतल्या आमच्या वाचनमंडळात या विषयावर मला ४० मिनिटं बोलायचं आहे. ऐकणाऱ्यांत दर मंगळवारी टेकडी गणपतीला जाणारे आहेत, दीक्षाभूमीला मानणारे आहेत आणि दोन-तीन पक्के नास्तिकही. चर्चा नेहमी दोनच वाक्यांवर अडते. एक जण म्हणतो, "लहान लेकराला कॅन्सर होतो, तेव्हा देव कुठे असतो?" दुसरा म्हणतो, "ज्याचं त्याचं कर्म." याच्या पुढे गाडी कशी न्यायची? युक्तिवाद पायरीपायरीने कसा मांडतात, तो कुठे तुटतो आणि कर्माचं उत्तर कितपत टिकतं? पाश्चात्त्य, भारतीय, दोन्ही चालेल.

तर्कटी:
भाऊ, आधी हे ठरवा की प्रश्न एक नाही, दोन आहेत. ईश्वर आणि वाईट एकत्र असणं अशक्य आहे का, हा पहिला. अशक्य नसलं तरी जगाची ही अवस्था पाहून ईश्वर असेलसं वाटतं का, हा दुसरा. निम्मी भांडणं एकाचं उत्तर दुसऱ्याला दिल्याने होतात.

पहिला फळ्यावर असा लिहा: ईश्वर सर्वशक्तिमान आहे, ईश्वर पूर्ण कल्याणकारी आहे, तरी वाईट आहे. इथे थांबा आणि श्रोत्यांना विरोध दाखवायला सांगा. दाखवता येत नाही, कारण तो अजून आलेलाच नाही. त्यासाठी दोन जोडवाक्यं लागतात: जो चांगला आहे तो जमेल तेवढं वाईट दूर करतोच, आणि सर्वशक्तिमानाला काय जमतं याला मर्यादा नसते. नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली 'माइंड' या नियतकालिकात ही जोडवाक्यं उघड लिहून दाखवली, म्हणून त्यांचा लेख महत्त्वाचा.

सगळा मारा या जोडवाक्यांवरच होतो. कुणी म्हणेल, डॉक्टरही सुई टोचतो, मग तो वाईट का? हे उत्तर घेऊ नका. डॉक्टर सर्वशक्तिमान नसतो, त्याच्याकडे न टोचता बरं करायचा पर्याय नसतो. ईश्वरासाठी एवढंच म्हणता येतं की काही चांगल्या गोष्टी वाईटाच्या शक्यतेशिवाय तर्कानेच अशक्य आहेत, आणि चौकोनी वर्तुळ काढता न येणं ही दुर्बलता नव्हे.

अशी गोष्ट कोणती? आस्तिक तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा (१९७४) यांचं उत्तर: स्वतंत्र निवड. मॅकींचा प्रतिप्रश्न आधीपासून तयार होता, की नेहमी स्वखुशीने चांगलंच निवडणारी माणसं ईश्वराने का घडवली नाहीत? प्लँटिंगा म्हणतात, माणूस खरंच स्वतंत्र असेल तर तो काय निवडेल हे एकट्या ईश्वराच्या हाती उरत नाही. म्हणून शक्य असलेलं प्रत्येक जग ईश्वराला घडवता येईलच असं नाही.

हा बचाव आहे, समर्थन नाही. बचावाला फक्त 'असं असू शकतं' एवढं पुरतं; समर्थनाला 'असंच आहे' हे दाखवावं लागतं. आज बहुतेक नास्तिक तत्त्वज्ञही अशक्यतेचा दावा फारसा लावून धरत नाहीत. सभेत आस्तिक बाजू मात्र बचाव जिंकून समर्थन जिंकल्यासारखी टाळी घेते. तिथे टोका.

मोहफूल:
तर्कटींनी पहिला प्रश्न उरकला, पण खरा त्रास दुसऱ्यात आहे. नास्तिक तत्त्वज्ञ विल्यम रो यांचा १९७९चा लेख यासाठी वापरा. दूर जंगलात वीज पडून वणवा पेटतो, हरणाचं पाडस भाजतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणी पाहिलं नाही, कुणी काही शिकलं नाही, कुणाच्या स्वातंत्र्याचा संबंध नाही. अशा दुःखातून काही मोठं चांगलं साधलं असेल असं दिसत नाही. म्हणून बहुधा साधलं नसेल. म्हणून तसा ईश्वर बहुधा नसेल.

नागपुरात सांगताना विजेचा तपशील गाळू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात वणवा म्हटला की मोह वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात तेच आधी आठवतं. मग कुणीतरी म्हणणार, ती तर माणसाची चूक! उदाहरण तिथेच मेलं.

तसंच सप्टेंबर २०२३चं. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. हे 'नैसर्गिक संकट' म्हणून देऊ नका. पाऊस निसर्गाचा, पण नाल्यांकाठची बांधकामं माणसांची. निखळ नैसर्गिक दुःख हवं तर भूकंप घ्या. १ नोव्हेंबर १७५५ला लिस्बन हादरलं तेव्हा सर्व संतांच्या सणामुळे लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते. 'शक्य असलेल्या जगांत हेच सर्वोत्तम' हे तत्त्वज्ञ लाइब्निझ यांचं १७१०चं म्हणणं त्यानंतर फार जणांच्या गळी उतरेना.

रो यांच्या युक्तिवादाचा कच्चा दुवा म्हणजे 'दिसत नाही' वरून 'नाही' वर मारलेली उडी. खोलीत हत्ती दिसत नसेल तर तो नाही. जंतू दिसत नसतील तर काहीच सिद्ध होत नाही. ईश्वराची कारणं हत्तीएवढी की जंतूएवढी? स्टीफन विक्स्ट्रा यांनी १९८४ मध्ये हाच मुद्दा धरला. पण या उत्तराची किंमत जबर आहे. ईश्वराची कारणं आपल्याला कळतच नसतील, तर 'देवाने माझ्या भल्यासाठी केलं' हेही म्हणता येत नाही. नवस फेडणाऱ्याला हे सांगून पाहा!

जुना महाल:
कर्माबद्दल. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) हा आक्षेप 'वैषम्य-नैर्घृण्य' नावाने सरळ घेतलाय: जगात एक सुखी, एक दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? शंकराचार्य उत्तर देतात की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस भातावर नि जवावर सारखाच पडतो, पीक वेगळं येतं ते बियाण्यामुळे. बियाणं म्हणजे जीवाचं कर्म. लगेच पुढच्या सूत्रात शंका येते, सृष्टीआधी कर्म कुठून आलं? उत्तर: संसार अनादि आहे.

हिशोब नीट पाहा जी. कर्मानुसार फळ द्यावं लागत असेल तर ईश्वराचा हात बांधलेला आहे. न्यायदर्शनात तर परमाणू आणि जीव दोन्ही नित्य, ईश्वराने निर्माण केलेले नाहीतच. आपल्या विदर्भात रुजलेल्या महानुभाव पंथातही जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादि नि स्वतंत्र. म्हणजे मॅकींचं पहिलंच वाक्य इथे त्या अर्थाने कुणी मानत नाही. कोडं सुटलेलं नाही, अट सैल केली आहे. अर्थात त्यात लबाडी नाही. तसा ईश्वर मानायला कुणाची ना नाही, फक्त तो वेगळा आहे हे कबूल करावं. (अद्वैतात हे सगळं शेवटी व्यावहारिक पातळीवरचं, म्हणजे अंतिम सत्य नव्हेच, पण ४० मिनिटांत त्यात शिरू नका, बाहेर येणार नाही.)

कुमारिल भट्ट वेद मानणारे, पण जगाचा कर्ता न मानणारे. ते विचारतात, दयेपोटी जग केलं म्हणता, पण सृष्टीआधी दया करायला होतं कोण? आणि दया होती तर सगळे सुखीच का नाही केले? हे नक्की वाचून दाखवा. नास्तिकपणा परदेशातून आला असं समजणाऱ्यांची पंचाईत होते.

वर्धा रोड:
कर्माची आणखी एक गाठ राहिली. खून झालेल्याचं ते कर्मफळ असेल, तर खुनी नुसता हत्यार ठरतो का? त्याला दोष द्यायचा तर त्याची निवड स्वतंत्र हवी. ती स्वतंत्र असेल तर बळीला मिळालेलं फळ ठरलेलं कसं?

आणि दीक्षाभूमी मानणाऱ्यांसमोर बोलताय, तर बाबासाहेबांचा आक्षेप सोडू नका. त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ते पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा मानायला नकार देतात. गरीब आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने नि समाजाने झटकण्यापलीकडे त्याचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा रोख. हा तर्कदोषाचा आक्षेप नव्हे, तो सिद्धान्त समाजात काय काम करतो यावरचा आहे. दोन्ही एकत्र कालवू नका, नाहीतर कुणीतरी 'घातक असलं म्हणून खोटं कसं?' विचारेल आणि तुम्ही गडबडाल.

बर्डीकर:
सगळ्यांना धन्यवाद. आजारी लेकराबद्दल विचारणाऱ्याला मग काय सांगू?

तर्कटी:
तो रो यांच्या बाजूचा प्रश्न आहे. मुक्त निवडीचं उत्तर तिथे लागत नाही. प्लँटिंगा नैसर्गिक दुःखासाठी अदृश्य दुष्ट शक्तींची शक्यता मांडतात, ती बचावाला चालते, पटत कुणालाच नाही. दुःखातून आत्मा घडतो हे जॉन हिक यांचं १९६६चं समर्थनही इथे अडतं, कारण घडायला वेळ मिळण्याआधीच मूल जातं. हिक म्हणूनच मृत्यूनंतरचं जीवन गृहीत धरतात.

पण विचारणाऱ्याच्या घरी खरंच कुणी आजारी असेल तर यातलं काहीही बोलू नका. चहाच्या वेळी वेगळं भेटा. वेळ अशी वाटा: फळ्यावरची वाक्यं १०, बचाव ८, पाडस १०, कर्म १२. कर्मावर लोक बोलणारच, म्हणून ते शेवटी.