मदत हवी आहे : भाऊ थेरपीला तयार नाही, 'आठवण पुसणारी गोळी' येण्याची वाट बघतोय (पीटीएसडी)

मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतेय. गाडीच्या अपघातातून तो वाचला, शेजारी बसलेला मित्र गेला. हाडं जुळली. पण आता दुसरं कुणी गाडी चालवत असलं की ह्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो, उतरेपर्यंत पोटरीत गोळा आलेला असतो. रबर जळाल्याचा वास आला की घराबाहेर पडतो. रात्रीची झोप तर नाहीच.

डॉक्टरांनी पीटीएसडी सांगितलंय, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास. सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी चालू आहे, थोडा उतार आहे. सोबत प्रोलाँग्ड एक्स्पोजर थेरपी सुचवली, म्हणजे तो प्रसंग थेरपिस्टसमोर पुन्हा पुन्हा सांगायचा. ह्या थेरपीला भाऊ साफ नाही म्हणतो. मेंदूवर एवढं संशोधन चाललंय, गोळी येईल, तोवर थांबतो, असं त्याचं म्हणणं.

म्हणून मीच वाचायला बसले. २००० साली नादेर, शाफे आणि लडू यांनी उंदरांवर दाखवलं की भीतीची जुनी आठवण जागी केली की ती काही तास कच्ची होते, आणि परत पक्की व्हायला मेंदूत नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात. ती अडवली तर भीती ओसरते. याच धाग्यावर माँट्रियलच्या अलँ ब्रुने यांनी रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं जुनं औषध दिलं आणि मग स्वतःच लिहिलेला प्रसंग वाचायला लावला. २०१८च्या चाचणीत खोटी (औषध नसलेली) गोळी घेऊन तसंच वाचणाऱ्यांपेक्षा त्यांचा त्रास जास्त कमी झाला. पण प्रसंग पुसला गेला नव्हता, त्याची धार गेली होती. आणि गोळी घेऊनही तो आठवावा लागलाच! हेच भावाच्या गळी उतरत नाहीये. त्यातून त्याला लहानपणापासून दमा, आणि दम्यात प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत.

एमडीएमएचंही त्याने वाचलंय, म्हणजे नशेसाठीही घेतलं जाणारं ते द्रव्य थेरपीसोबत द्यायचं. त्या उपचाराला अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारली, आणखी चाचणी करा म्हणून. अशी वाट किती वर्षं बघायची?

मला तर वाटतं, एक्स्पोजर हाही मेंदूवरचाच उपचार आहे. भीती उठवणाऱ्या अमिग्डलाला आवर घालायचं काम कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग करतो, पीटीएसडीत तोच कमी पडतो, आणि 'आता धोका नाही' हे त्याला सरावानेच शिकता येतं. पण बहिणीच्या तोंडून हे ऐकलं की तो उठून जातो.

तर ज्यांनी आधी नकार देऊन मग थेरपी घेतली, त्यांना कशामुळे तयार व्हावंसं वाटलं? पहिल्या काही बैठकांत त्रास वाढला का, आणि तेव्हा घरच्यांनी काय केलेलं बरं वाटलं? ईएमडीआरमध्ये (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करणारी थेरपी) सगळं तपशिलात बोलून दाखवावं लागत नाही असं कळलं, त्यापासून सुरुवात केलेलं कुणी आहे का? मानसोपचाराच्या क्षेत्रातलं कुणी असेल तर दम्याच्या रुग्णाबद्दलही सांगा. 'विसरून जा म्हणावं त्याला' हा सल्ला कृपया नको, तो त्याने पुष्कळ ऐकलाय. उघड लिहायचं नसेल तर व्यनि केलात तरी चालेल.